प्रतिजैविकाचे बाइंडिंग: फरक रोहू-कोळंबीत की तुमच्या नळीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक रक्तातल्या प्रथिनांना किती चिकटते, म्हणजेच त्याचे बाइंडिंग किती, ते मोजले. इंदापूरच्या शेततळ्यातल्या रोहूच्या प्लाझ्मात ४६ टक्के आले, रायगडहून आणलेल्या व्हॅनामेई कोळंबीच्या हिमोलिंफमध्ये (कोळंबीच्या रक्तात) २०. रक्त गोठू नये म्हणून रोहूचे रक्त हेपरिनमध्ये घेतले. कोळंबीचे हिमोलिंफ सायट्रेट-ईडीटीएच्या द्रावणात निम्मे-निम्मे घेतले. मग ३० किलोडाल्टनची अल्ट्राफिल्टर नळी (हिचा पडदा प्रथिने अडवतो, सुटे औषध खाली जाऊ देतो), सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर, तुलनेसाठी पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण). विचारणा अशी, की कोळंबीत औषध कमी चिकटते तर तिला डोस कमी पुरेल का, आणि विक्रीआधी थांबायचे दिवसही कमी करता येतील का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. मुळात तो २० चा आकडाच कोळंबीचा नाही. त्यात कोळंबी आहे, पण त्याहून जास्त तुमचे द्रावण आणि तुमचा सेंट्रिफ्यूज आहे. बाइंडिंगची टक्केवारी हा औषधाच्या पाकिटावर छापण्यासारखा गुणधर्म नाही. ते रक्त, त्यातली प्रथिने, त्यातले कॅल्शियम, तापमान, पीएच आणि तुम्ही नमुना किती पातळ केलात, हे सगळे मिळून एक आकडा तयार होतो. यातले काही बदलले की आकडा बदलतो.

सगळ्यात सोपी चूक आधी घेऊ, ती कागदावरच दुरुस्त होते. निम्मे हिमोलिंफ, निम्मे द्रावण म्हणजे प्रथिन अर्ध्यावर आले. प्रथिन अर्धे झाल्यावर बाइंडिंग कमी दिसणारच. पातळ केलेल्या नमुन्यात औषधाचा मुक्त अंश ०.८० आला (म्हणजे बाइंडिंग २० टक्के), तर मूळ हिमोलिंफमधला मुक्त अंश असा काढतात: १ ला ०.८० ने भागा, १.२५ येतात. त्यातून १ वजा करा, ०.२५ उरतात. किती पट पातळ केले त्याचा व्यस्त घ्या, दुप्पट असेल तर ०.५. आता ०.५ ला (०.२५ अधिक ०.५) ने भागा. उत्तर ०.६७, म्हणजे खरे बाइंडिंग ३३ टक्क्यांच्या आसपास. नमुना चौपट पातळ केलेला असता तर तोच २० चा आकडा ५० टक्क्यांचा निघाला असता. शोधनिबंध वाचतानाही आधी हे बघा, की हिमोलिंफ किती पातळ केले होते आणि ते हिशेबात धरले का. बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलेच नसते, आणि लोक तो आकडा ट्राउट माशाच्या आकड्याशेजारी ठेवून मोकळे होतात. हे सूत्र प्रथिन संपृक्त झालेले नाही, म्हणजे औषध चिकटायच्या जागा भरून गेलेल्या नाहीत, असे धरून चालते. उपचारात मिळणाऱ्या मात्रेला ते सहसा लागू पडते, पण ते तपासायचे कसे ते पुढे येईलच.

दुसरी चूक कागदावर दुरुस्त होत नाही. टेट्रासायक्लिन गटातली औषधे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसतात आणि प्रथिनाला चिकटताना बऱ्याचदा हाच धातू मधला दुवा असतो. ईडीटीए आणि सायट्रेट यांचे कामच कॅल्शियम पकडणे. म्हणजे औषध ज्या दोरीने प्रथिनाला बांधले जाते ती दोरीच तुम्ही आधी कापलीत. शिवाय कोळंबीच्या रक्तातले मुख्य प्रथिन हिमोसायनिन. एकूण प्रथिनाचा ६० ते ९५ टक्के हिस्सा त्याचाच. त्याचे सहा-सहा उपघटक एकत्र राहायलाही कॅल्शियम लागते. ते काढून घेतले की हिमोसायनिनही सुटे व्हायला लागते. सुट्या उपघटकाचे वजन साधारण ७५ किलोडाल्टन, त्यामुळे ते ३० च्या पडद्यातून गळत नाही, पण तुम्ही मोजताय ते प्राण्याच्या अंगातले हिमोसायनिन राहिलेले नसते. ऑक्सोलिनिक आम्लासारख्या क्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकांनाही धातूंचे वेड आहे. फ्लॉरफेनिकॉल या प्रतिजैविकाला ते नाही, त्यामुळे तिथे ईडीटीए एवढा घात करत नाही.

मग रक्त गोठू न देता घ्यायचे कसे? हेपरिनचा इथे उपयोग नाही. ते माशाच्या रक्ताचे गोठणे थांबवते, कोळंबीचे गोठणे वेगळ्याच मार्गाने, ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या विकराने होते. माझ्या मते या कामासाठी सरळ गोठू द्यावे आणि सीरम घ्यावे. गोठणारे प्रथिन एकूण प्रथिनाचा लहान भाग असते, हिमोसायनिन सीरममध्येच राहते.

१८-२० ग्रॅमची कोळंबी ओल्या फडक्यात पाठीवर धरा. १ मिलीची सिरिंज, २६ गेजची सुई, आत काहीही न भरता. पोटाकडून, चालायच्या पायांची शेवटची जोडी आणि पोटाचा पहिला खंड यांच्या मधल्या मऊ सांध्यात सुई तिरकी घाला आणि दट्ट्या अगदी हळू ओढा. २०० ते ३०० मायक्रोलिटर सहज मिळते. हवा लागल्यावर त्याला निळसर झाक येते, ते हिमोसायनिनमधले तांबे. पिवळट-हिरवट, गढूळ आले तर सुई हेपॅटोपॅन्क्रियासमध्ये (पचनग्रंथीत) गेली. तो नमुना टाकून द्या, कारण त्यातले पाचक विकर तासाभरात प्रथिने खायला लागतात. पहिला थेंब लगेच हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा, बाकीचे पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत. पंधरा-वीस मिनिटांत जेलीसारखे होते. प्लास्टिकच्या बारीक मुसळीने ती जेली मोडा, ४ अंशांवर १०,००० जी ला १० मिनिटे फिरवा आणि वरचे द्रव घ्या. त्याचे रिफ्रॅक्टोमीटरवरचे वाचन पहिल्या थेंबाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. रिफ्रॅक्टोमीटरवरची प्रथिनाची पट्टी माणसाच्या सीरमसाठी आखलेली असते. कोळंबीच्या रक्तातल्या क्षारांमुळे ती जास्त दाखवते, म्हणून खरा आकडा बाययुरेट किंवा ब्रॅडफर्डने काढा.

हिमोलिंफमधले प्रथिन स्थिर नसते. कात टाकण्याच्या आगेमागे आणि उपाशी राहिल्यावर ते झपाट्याने खालीवर होते. एकाच तळ्यातल्या दोन कोळंब्यांत दुप्पट फरक मिळू शकतो. त्यामुळे शेपटीच्या पंख्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली बघून कातीच्या दोन टप्प्यांमधली कोळंबी निवडा: केसांच्या बुडाशी आतली त्वचा कवचाला चिकटून भरलेली असावी, मध्ये मोकळी पांढरी पट्टी दिसली तर ती कात टाकायच्या तयारीत आहे. बोटाने दाबून मऊ लागणारी तर घेऊच नका. प्रत्येक नमुन्याचे प्रथिन बाइंडिंगच्या शेजारी लिहा. त्याशिवाय त्या टक्केवारीला काही अर्थ नाही.

रायगडहून पुण्यापर्यंत ताम्हिणीने या किंवा एक्स्प्रेसवेने, नमुना चार-पाच तास डब्यात राहणार. अख्खे हिमोलिंफ आणू नका, तिथेच छोट्या सेंट्रिफ्यूजवर सीरम काढा. ते बर्फावर ठेवा, मीठ घातलेल्या बर्फात नको, गोठेल. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे हिमोसायनिनला सोसत नाही. त्यातून सुटलेले तांबे टेट्रासायक्लिनला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरते आणि आकडा भलतीकडे जातो.

आता रोहू. तुमच्या ४६ टक्क्यांची तुलना तुम्ही ट्राउटवरच्या आकड्यांशी केली आहे. ती का जुळवू नये ते सांगतो. माणसात औषधे मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटतात. ट्राउट-सॅमनमध्ये अल्ब्युमिन आहे. पण कार्पच्या कुळातल्या कॉमन कार्प आणि झेब्राफिशमध्ये ते सापडलेले नाही, त्यांच्या प्लाझ्मात उच्च घनतेच्या लायपोप्रोटीनचे (चरबी वाहणाऱ्या प्रथिनांचे) राज्य असते. रोहू-कटला त्याच कुळातले. तेव्हा 'अल्ब्युमिनला बाइंडिंग' असे रोहूबद्दल लिहू नका, 'प्लाझ्मातल्या प्रथिनांना' एवढेच लिहा. पॅथॉलॉजी लॅबच्या मशिनवर रोहूचा प्लाझ्मा लावला तर अल्ब्युमिनचा आकडा येतोच, त्यावर जाऊ नका. त्या तपासणीत वापरतात तो ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग जे मिळेल त्या प्रथिनाला चिकटतो आणि मशीन बिचारे त्यालाच अल्ब्युमिन म्हणते.

लायपोप्रोटीन म्हटले की खाणे आले. नुकत्याच जेवलेल्या माशाचा प्लाझ्मा दुधाळ येतो, मासे २४ तास उपाशी ठेवा. आणि मे-जूनमध्ये मोठ्या माद्या टाळा. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या पोटात अंडी भरत असतात, रक्तात व्हायटेलोजेनिन (अंड्याच्या बलकाचे प्रथिन) चढलेले असते आणि ते स्वतःबरोबर भरपूर कॅल्शियम घेऊन फिरते. ऑक्सिटेट्रासायक्लिनसाठी हा मासा वेगळाच प्राणी समजा. २०० ते ३०० ग्रॅमचे, अजून वयात न आलेले मासे बरे. लवंगतेलाच्या पाण्यात शांत करा, शेपटीच्या शिरेतून हेपरिन लावलेल्या सिरिंजने २२-२३ गेजच्या सुईने प्रत्येकी दीड-दोन मिली घ्या, ३,००० जी ला १० मिनिटे फिरवा. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत, तो वापरू नका.

तापमानाची चूक मात्र दोन्ही प्राण्यांत झाली आहे. रोहू २८ अंशांच्या पाण्यात जगतो आणि तुम्ही बाइंडिंग ४ अंशांवर मोजले. नमुना २८ अंशांवर अर्धा तास ठेवला होता हे खरे, पण सेंट्रिफ्यूजमध्ये गेल्यावर तो वीस मिनिटांत थंड झाला आणि समतोल सरकला. रोटर आणि रिकाम्या नळ्या आधी २८ ला आणून ठेवा. 'रूम टेंपरेचर' असे लिहून सुटू नका, एप्रिलमधली पुण्यातली खोली आणि डिसेंबरमधली खोली यांत दहा अंशांचा फरक सहज असतो.

पीएचही तसेच. उघड्या नळीत प्लाझ्मातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच ८ च्या वर चढतो. ऑक्सोलिनिक आम्लासारख्या, पीएच ७ च्या जवळपास भार बदलणाऱ्या औषधाला हे जाणवते. शेवटी, फिरवल्यानंतर, पीएच मोजा आणि लिहा. फॉस्फेट बफर या कामात नकोच: फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की साका बसतो आणि औषध त्यात अडकते. हेपेसचा बफर घ्या, कॅल्शियम-मॅग्नेशियम प्राण्याच्या रक्ताइतके घाला. गोड्या पाण्यातल्या माशाला २.५ ते ३ मिलीमोल कॅल्शियम, समुद्री कोळंबीला त्याच्या तीन-चार पट. कोळंबीसाठी क्षारताही ७०० मिलिऑस्मोलच्या घरात हवी. माणसासाठीचा ३०० चा बफर म्हणजे तिच्यासाठी गोडे पाणीच.

आता प्रत्यक्ष मोजणी. ऑक्सिटेट्रासायक्लिनचे ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचे द्रावण करा, त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर प्लाझ्मात किंवा सीरममध्ये घाला, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली झाले. याच पद्धतीने १ आणि २० चेही करा. तिन्हींत टक्केवारी सारखी आली तर प्रथिन संपृक्त झालेले नाही आणि वरचे पातळ करण्याचे सूत्र लागू पडते. २० ला घसरली तर पडत नाही. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा, हे औषध उजेडात टिकत नाही. काचेच्या नळ्या वापरू नका, काचेलाही ते चिकटते. २८ अंशांवर अर्धा ते एक तास हलवत ठेवा. त्यातले १०० मायक्रोलिटर 'एकूण' मोजायला बाजूला काढा, ५०० अल्ट्राफिल्टर नळीत घाला आणि २८ अंशांवरच १,५०० ते २,००० जी ला दहा-पंधरा मिनिटे फिरवा. खाली १०० मायक्रोलिटरच्या वर जमू देऊ नका. हावरेपणाने सगळे गाळून घेतले की वरचे प्रथिन घट्ट होत जाते, पडद्यावर थर बसतो आणि शेवटचे थेंब पहिल्या थेंबांसारखे राहत नाहीत. गाळलेल्या थेंबात सल्फोसॅलिसिलिक आम्ल टाकून बघा. ढगाळ झाले तर पडदा फुटला आहे.

पडदाही औषध खातो. त्याची तपासणी नुसत्या बफरने करण्यापेक्षा एक युक्ती चांगली: औषध न घातलेले सीरम आधी गाळा, खाली आलेल्या प्रथिनविरहित द्रवात मिलीला ५ मायक्रोग्रॅम औषध घाला आणि ते द्रव नव्या नळीतून पुन्हा गाळा. यात क्षार अगदी त्या प्राण्याचेच असतात. ५ घालून खाली ४.२ मिळाले तर १६ टक्के पडद्याला गेले. तुमच्या सीरममधून गाळलेल्या द्रवात २.१ आले असतील तर ते ०.८४ ने भागा, २.५ येतील. म्हणजे ५८ नव्हे, ५० टक्के बाइंडिंग. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले. प्रत्यक्षात नुकसान १० टक्क्यांच्या वर जात असेल तर हिशेब करत बसू नका, दुसऱ्या पडद्याची नळी शोधा.

इक्विलिब्रियम डायलिसिस (पडद्याच्या एका बाजूला प्लाझ्मा, दुसऱ्या बाजूला बफर ठेवून औषधाचा समतोल होऊ देणे) जास्त विश्वासाचे, असे पुस्तकात असते. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या बाबतीत मला तसे वाटत नाही. २८ अंशांवर, पीएच ७.८ ला रात्रभर ठेवले की औषधच थोडेथोडे मोडते, आणि प्रथिनाच्या बाजूला पाणी ओढले जाऊन घनफळ बदलते. फ्लॉरफेनिकॉलसाठी मात्र जरूर करा. फक्त बुधवारी रात्री लावू नका, गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की सोळा तासांचे काम पाण्यात.

'एकूण' कशाने मोजले तेही महत्त्वाचे. ईडीटीए असलेल्या मॅकिल्वेन बफरने काढून एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ३५५ ते ३६० नॅनोमीटरला बघितले तर बांधलेले-सुटे सगळे येते, आणि इथे ईडीटीए हवाच, कारण आता आपल्याला दोरी कापायचीच आहे. जिवाणूच्या थाळीवर वर्तुळ मोजत असाल तर मानक द्रावणे त्याच प्राण्याच्या सीरममध्ये बनवा. मानक बफरमध्ये आणि नमुना सीरममध्ये, अशी सरमिसळ झाली तर जे मिळते ते ना एकूण ना मुक्त. आणखी एक मेख: औषध-कॅल्शियमची छोटी जोडी पडद्यातून आरामात गळते. गाळलेल्या द्रवात सापडले ते सगळे जिवाणूवर काम करेलच असे नाही.

आता डोस. जिवाणूवर मुक्त औषधच चालते आणि एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) प्रथिन नसलेल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, काढलेली असते, म्हणून तुलना मुक्त मात्रेशी करायची, इथपर्यंत तुमचे बरोबर आहे. पण आकडे घालून बघा. हिमोलिंफमध्ये एकूण २ मायक्रोग्रॅम असतील तर २० टक्के बाइंडिंगला मुक्त १.६, ३३ टक्क्यांना १.३४. एमआयसीची पायरी दुप्पट-निमपट असते, तिच्या एका पायरीच्या चुकीत हा फरक बुडून जातो. बाइंडिंग ९० वरून ९५ वर गेले असते तर मुक्त भाग निम्मा झाला असता, तिथे ही चर्चा खरीच महत्त्वाची. ऑक्सिटेट्रासायक्लिनचे मोठे गणित रक्तात नाही, आतड्यात आहे: तोंडावाटे दिलेल्या औषधापैकी कार्पच्या रक्तात एक टक्क्याहूनही कमी पोचल्याचे मोजले गेले आहे, ट्राउटमध्ये पाच-सहा टक्के. कोळंबी तर खाद्य कुरतडत बसते, तोवर वरचे औषध पाण्यात विरघळून जाते. यापुढे बाइंडिंगचे तेरा टक्के किरकोळ आहेत.

थांबायच्या दिवसांचा बाइंडिंगशी संबंध आणखी दूरचा. रक्तातले बांधलेले औषध उलटसुलट होत असते, सुटते आणि निघून जाते. रेंगाळते ते हाडे, खवले आणि कवचात, कॅल्शियमला धरून. २०११ च्या आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मासे-कोळंबीतल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा ०.१ पीपीएम ठेवली होती, आणि ती खायच्या भागात मोजतात, प्लाझ्मात नाही. दिवस ठरतात ऊतींतल्या घटीवरून आणि पाण्याच्या तापमानावरून. युरोपात लेबलवर नसलेल्या वापरासाठी २०२२ पर्यंत किमान ५०० अंश-दिवस (पाण्याचे तापमान गुणिले दिवस) धरत. २८ अंशांच्या पाण्यात ते १८ दिवस होतात, हिवाळ्यात तळे २२ वर आले की २३. शेतकऱ्याला 'बाइंडिंग कमी आहे, लवकर काढा' असे सांगितलेत तर माल नमुन्यात अडकेल, आणि तो तुम्हालाच विचारेल.

नायट्रोफ्युरानचे उदाहरण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी याच ओळीत घातले आहे. ते इथून काढा. त्याचे चयापचयज ऊतींतल्या प्रथिनांना कायमचे जोडले जातात, ते बाइंडिंग या अर्थाचे नाही. म्हणून तर तपासणीत नमुना आम्लात, नायट्रोबेंझाल्डिहाइड घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवावा लागतो, तेव्हा ते सुटतात. हे औषध बंदी घातलेलेच आहे, त्याला थांबायचे दिवस हा प्रकारच नाही. आणि गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीत सेमिकार्बाझाइड (नायट्रोफ्युरानच्या वापराची खूण मानला जाणारा चयापचयज) सापडले तर आधी विचारा, नमुन्यात कवचाचा तुकडा गेला होता का. ते कवचात निसर्गतःच असू शकते. सोललेल्या मांसाचा दुसरा नमुना लावल्याशिवाय कुणाच्या तळ्याचे नाव घेऊ नका.